विमानखरेदी करारांचा मंदीतील फेरविचार

आर्थिक मंदी आली की विमान कंपन्या पूर्वी नोंदवलेल्या नव्या विमानांच्या मागण्या पुन्हा तपासून पाहतात. त्यांतील काही पुढे ढकलल्या जातात, काहींमध्ये विमानाचा प्रकार बदलून घेतला जातो आणि काही रद्द होतात. बातम्यांत रद्द झालेल्या मागण्यांचा गाजावाजा अधिक होत असला, तरी प्रत्यक्षात विमानांचा ताबा पुढे ढकलण्याचा मार्गच अधिक वेळा स्वीकारला जातो, आणि या व्यवहाराचे खरे स्वरूप समजून घ्यायचे तर त्याकडेच अधिक लक्ष द्यावे लागते.

फेरविचाराची वेळ येण्याचे मूळ कारण करार आणि ताबा यांमधील दीर्घ अंतरात आहे. विमान तयार मिळत नाही. मागणी नोंदवल्यापासून ते हाती येईपर्यंत अनेक वर्षे जातात. प्रवासी वाढत असतात, नफा होत असतो आणि कर्ज सहज मिळत असते, अशा भरभराटीच्या काळात मोठ्या मागण्या नोंदवल्या जातात. ती विमाने मात्र कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत अर्थचक्र उलटे फिरलेले असू शकते. विमान कंपन्यांच्या नफ्याचे प्रमाण चांगल्या वर्षांतही अल्पच असते आणि खर्चाचा बराचसा भाग विमान अर्धे रिकामे गेले तरी टळत नाही, त्यामुळे प्रवासीसंख्येतील थोडी घटही त्यांना तोट्यात लोटते. त्यात इंधनाच्या दराचा एक विचित्र परिणाम मिसळतो. कच्च्या तेलाचा दर जुलै २००८ मध्ये पिंपामागे सुमारे १४७ डॉलरपर्यंत चढला होता आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तो ४० डॉलरच्या खाली उतरला. नव्या विमानाचे समर्थन प्रामुख्याने इंधनबचतीवर उभे असते; तेल स्वस्त झाले की जुनी, कर्ज फिटलेली विमाने आणखी काही वर्षे उडवणे परवडू लागते.

फेरविचाराला किती वाव आहे, हे करारातील बांधिलकीवर ठरते. इरादापत्र, म्हणजे खरेदीचा केवळ इरादा नोंदवणारा कागद, सोडून देणे सोपे असते. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या अटींवर पुढे विमान घेण्याचा हक्क. तो न वापरणे हे मंदीतील सर्वांत स्वस्त पाऊल होय. पक्क्या मागणीत मात्र करारावर सही करतानाच अनामत द्यावी लागते, पुढे ताब्याच्या साधारण दोन वर्षे आधीपासून हप्ते भरावे लागतात आणि किमतीचा मोठा भाग ताबा घेताना चुकता करावा लागतो. एकतर्फी माघार घेतल्यास भरलेली रक्कम बुडते आणि नुकसानभरपाईचा दावाही उभा राहू शकतो. म्हणूनच कंपनी रोख रकमेसाठी झगडत असली, तरी हप्ते भरून झालेले आणि जुळणी सुरू असलेले विमान ती सहसा सोडत नाही; फेरविचार मुख्यतः दोन-तीन वर्षांनंतर येणाऱ्या विमानांचा होतो.

ताबा पुढे ढकलण्यास विमाननिर्माते संमती देतात ती उदारपणाने नव्हे. दिवाळखोरीत गेलेल्या ग्राहकाकडून त्यांना पुढे फारसे काही मिळत नाही, आणि एका विशिष्ट कंपनीच्या आसनव्यवस्थेनुसार व रंगात तयार झालेल्या विमानाला ऐन मंदीत दुसरा ग्राहक शोधणे कठीण व खर्चिक असते. याउलट, पुरेशी पूर्वसूचना मिळाल्यास मोकळी झालेली उत्पादनातील जागा लवकर विमान हवे असलेल्या दुसऱ्या कंपनीला देता येते. अशी ढकलाढकल होणारच हे गृहीत धरून निर्माते उत्पादनक्षमतेपेक्षा काहीशी अधिक विमाने देण्याची बांधिलकी स्वीकारतात. त्यामुळे ही वाटाघाट वरकरणी संघर्षाची दिसली, तरी ती दोन्ही पक्षांच्या गरजेतून घडते. जून २००९ मध्ये क्वांटस या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने बोइंगच्या १५ ड्रीमलायनर विमानांची मागणी रद्द केली आणि आणखी १५ विमाने चार वर्षे पुढे ढकलली. रद्द करणे आणि लांबवणे यांचा असा मेळ नेहमी आढळतो.

लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेच्या २००८ मधील पतनानंतरचा काळ या दृष्टीने विशेष बोधक आहे. बोइंगच्या निव्वळ मागण्या (नव्या मागण्यांतून रद्द झालेल्या वजा करून) २००७ मधील १,४१३ वरून २००९ मध्ये १४२ वर आल्या, म्हणजे जवळजवळ नऊ-दशांश आटल्या. तरीही त्याच २००९ मध्ये कंपनीने ४८१ विमाने ग्राहकांच्या हवाली केली, जी २००७ मधील ४४१ पेक्षा अधिकच होती. बँकांनी हात आखडता घेतला असताना अमेरिका व युरोपातील निर्यातीला साहाय्य करणाऱ्या सरकारी वित्तसंस्थांनी दिलेली कर्जहमी या सातत्यामागील एक मोठे कारण होते. ताब्याच्या वेळी भरायच्या रकमेची सोय झाली, तर मंदीतही विमाने स्वीकारली जातात, हे यावरून दिसते. मंदीचा अंदाज केवळ नव्या मागण्यांच्या आकड्यांवरून बांधणे म्हणूनच फसवे ठरते.

२०२० मधील महासाथीत चित्र वेगळे होते, कारण तेव्हा कर्जपुरवठा नव्हे, तर उड्डाणेच थांबली होती. एअरबसने हवाली केलेल्या विमानांची संख्या २०१९ मधील ८६३ वरून ५६६ वर घसरली. इझीजेट या ब्रिटिश विमान कंपनीने २४ विमानांचा ताबा पुढे ढकलला, पण तिच्या संस्थापकांचा आग्रह एअरबसचा संपूर्ण करारच रद्द करावा असा होता आणि त्यावरून संचालक मंडळाशी त्यांचा उघड वाद झाला. ‘नॉर्वेजियन’ या नॉर्वेच्या विमान कंपनीने जून २०२० मध्ये बोइंगच्या ९७ विमानांची मागणी रद्द केली. बोइंगच्या मॅक्स विमानांबाबत एक खास परिस्थिती होती: त्या विमानांच्या उड्डाणांवर बंदी असल्याने ताबा रखडला होता, आणि विलंब ठरावीक मुदतीपलीकडे, सहसा १२ महिन्यांपलीकडे गेल्यास ग्राहकाला दंडाविना करार सोडता येत होता. मंदी आणि निर्मात्याकडून झालेला विलंब एकत्र आले की वाटाघाटीतील वजन झपाट्याने ग्राहकाकडे झुकते.

विमाने विकत घेऊन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा धोका वेगळा असतो, कारण त्यांच्या मागण्यांमागे प्रवासी नसतात, तर भविष्यातील भाडेकरूंविषयीचा अंदाज असतो. आयर्लंडमधील गिनेस पीट एव्हिएशनने शेकडो विमानांच्या मागण्या नोंदवल्या होत्या. आखाती युद्धानंतरच्या मंदीत तिची १९९२ मधील समभागविक्री फसली आणि पुढील वर्षी तिच्या बचावासाठी जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तकंपनीला पुढे यावे लागले.

सर्वच कंपन्या मंदीत हात आखडतात असे नाही. सप्टेंबर २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर बोइंगने हवाली केलेल्या विमानांची संख्या दोन वर्षांत ५२७ वरून २८१ वर आली. नेमक्या त्याच काळात, जानेवारी २००२ मध्ये, रायनएअर या आयरिश विमान कंपनीने १०० बोइंग विमानांची पक्की मागणी नोंदवली आणि वर्षअखेरीस इझीजेटने १२० एअरबस विमानांची निवड केली. रिकाम्या मागणीवहीपुढे निर्माते अधिक सवलत देतात, याचा तो लाभ होता. हा मार्ग अर्थातच हाती रोकड असलेल्यांनाच खुला असतो, आणि त्यामुळे प्रत्येक मंदीनंतर सबळ व दुर्बळ कंपन्यांमधील अंतर वाढते.

या फेरविचाराची सर्वांत जड किंमत करारावर सही न करणारे मोजतात. एअरबसने एप्रिल २०२० मध्ये ए-३२० मालिकेचे उत्पादन महिना ६० वरून ४० विमानांवर आणले आणि जूनमध्ये सुमारे १५,००० पदे कमी करण्याची योजना जाहीर केली. सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांना तर वाटाघाटीच्या मेजावर जागाच नसते. तेथून बाहेर पडलेले कुशल कामगार मागणी सावरल्यावर सर्वच्या सर्व परत येत नाहीत, आणि महासाथीनंतर विमानांची निर्मिती मागणीच्या मागे पडत गेली, त्याचे हे एक कारण होते.