ॲपमधला आवाजाचा आकडा आणि पोलिसांकडची तक्रार

ॲपमध्ये ७२ डेसिबल दिसले, स्क्रीनशॉट जोडला, तरी तक्रारीची दखल घेतली गेली नाही. असं होतं ते बहुतेकदा आकडा चुकीचा वाचल्यामुळे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा (सकाळी ६ ते रात्री १०) ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तक्रारीसाठी मात्र नियम ७ प्रमाणे आवाज त्याहून किमान १० डेसिबलने जास्त लागतो, म्हणजे दिवसा ६५, रात्री ५५. शिवाय ही मर्यादा सरासरीची आहे. ॲपमधला 'कमाल'चा नव्हे, सरासरीचा आकडा द्या. एका फटाक्याने कमाल ९० वर जाते, सरासरी ६० च राहते. सेटिंगमध्ये 'ए' वेटिंग (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं तसं मोजण्याची पद्धत) निवडलेलं हवं. शाळा किंवा रुग्णालय जवळ आहे म्हणून ५०/४० ची मर्यादा धरू नका. २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने जाहीर केलेलं क्षेत्रच शांतता क्षेत्र ठरतं.

रात्री १० नंतर उघड्यावर भोंगा वाजत असेल तर आकड्याची गरजच नाही. सरकारने सूट दिलेले ठरावीक दिवस सोडले तर तो बंदच हवा. मोजत बसू नका, आवाज चालू असतानाच ११२ ला फोन करा. दुसऱ्या दिवशी अर्ज दिलात तर मोजायला काही उरत नाही.

मोजताना फोनचं कव्हर काढा, पंखा बंद करा, उघड्या खिडकीशी हात लांब धरून पाच मिनिटं गप्प उभे राहा. माइकच्या छिद्रावर बोट किंवा थेट वारा नको. फोनचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे डीजेचा धडधडाट बऱ्याचदा कमीच भरतो. फार मोठ्या आवाजात काही फोनचा आकडा एका जागी अडकतो.

तक्रार अडू शकते तो कागद म्हणजे मीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, म्हणजे मीटर बरोबर मोजतो याचा तपासणी दाखला. ते तुमच्या फोनला नसतं, मिळवायच्या मागेही लागू नका. अर्जात 'आवाज इतका होता हे सिद्ध झाले' असं न लिहिता 'ॲपवर सरासरी अंदाजे ६८ आढळले, आपल्या मीटरने मोजणी करून पंचनामा करावा' असं लिहा. सोबत तारीख, सुरू-बंद झाल्याची वेळ, अंतर, स्क्रीनशॉट आणि वेळ दिसणारा व्हिडिओ द्या.

'सोसायटीचं पत्र आणा' असं सांगून कुणी परत पाठवलं तर नियम ७ दाखवा. तक्रार कोणतीही व्यक्ती करू शकते. हकनाक हेलपाटे घालू नका. आवक क्रमांक आणि तारीख असलेली पोच हातात आल्याशिवाय टेबलावरून हलू नका.