प्रोग्रामिंग व्यवसायातील कौशल्यऱ्हास

व्यवसायातील जाणकारी कामगाराकडून यंत्रात जाते आणि त्याच्याकडे कामाचा तुटक भाग उरतो, तेव्हा त्या प्रक्रियेला कौशल्यऱ्हास म्हणतात. हॅरी ब्रेव्हरमन या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ मध्ये कारखानदारीच्या संदर्भात ही मांडणी केली. समाजशास्त्रज्ञ फिलिप क्राफ्ट यांनी १९७७ मध्ये ती प्रोग्रामरांना लावली.

सोलापुरात हा बदल कापडधंद्याने आधीच अनुभवला आहे. सोलापुरी चादरीवरील नक्षी जेकार्ड या मागावरील यंत्रणेच्या छिद्रे पाडलेल्या पत्त्यांतून उतरत आली : पत्त्याला छिद्र असेल तेथे सुई आत शिरते व तिच्याशी जोडलेला ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, नसेल तेथे तो खालीच राहतो. त्यामुळे नक्षी जाणणारा कारागीर आणि यंत्रमाग चालवणारा कामगार वेगळे झाले. फ्रेंच संशोधक जेकार्डची ही १८०४ मधील युक्तीच पुढे छिद्रित कार्डांच्या रूपाने संगणकापर्यंत पोहोचली.

प्रत्येक स्वयंचलनाने कौशल्य घटतेच असे नाही. १९५७ मध्ये फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे तिचे यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम, आल्यावर यंत्रभाषेत लिहिण्याचे कष्ट कमी झाले, पण प्रोग्रामरांची मागणी वाढतच गेली. कंपायलर ठरलेल्या नियमांनी चालतो, म्हणून त्याने केलेले भाषांतर सहसा कोणी तपासत नाही. २०२१ पासून आलेली कोपायलटसारखी कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मात्र संभाव्यतेवर कोड रचतात; तो चालतो, तरीही चुकीचा असू शकतो, आणि म्हणून तपासणाऱ्याला लिहिणाऱ्याइतकीच समज लागते.

चादरींच्या व्यापाऱ्यासाठी बिलाचा प्रोग्राम करायचा आहे असे समजू. तीन ओळींवर प्रत्येकी १०.४० रुपये कर असेल, तर ओळीगणिक पूर्णांक केल्यास कर ३० रुपये होतो आणि बेरजेनंतर केल्यास ३१. साधन यांतील कोणतीही एक रीत बिनतक्रार लिहून देते. हिशेबाची पद्धत न विचारता तो कोड स्वीकारणाऱ्याला एका रुपयाची तफावत पुढे कोठे शोधावी हेही उमगत नाही, आणि खरा ऱ्हास येथे आहे, टंकलेखन कमी होण्यात नाही.

त्याची सर्वाधिक झळ नवशिक्यांना बसण्याचा धोका आहे. सोलापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन पुण्याला नोकरीस जाणारा तरुण आजवर किरकोळ दोष काढत, चाचण्या लिहीत आणि ज्येष्ठांकडून दुरुस्त्या घेत हे काम शिकत आला. नेमकी हीच कामे आता साधनांकडे वळत आहेत. म्हणून प्रयोगशाळेत साधनाची मुभा देतानाच विद्यार्थ्याकडून त्याच प्रोग्रामची ओळ न् ओळ तोंडी समजावून घेणे, आणि मुद्दाम पेरलेला दोष साधनाविना शोधायला लावणे, आवश्यक ठरते.