नवजात अतिदक्षता विभागातील सेवागुणवत्तेचे मापन

अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या किंवा आजारी नवजात बालकांना मिळालेली शुश्रूषा ठरावीक निकषांवर पारखण्याची ही पद्धती आहे. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अवेदिस डोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये मांडलेली रचना (साधने व मनुष्यबळ), प्रक्रिया (प्रत्यक्ष दिलेली सेवा) आणि फलित (रुग्णाचे पुढे काय झाले) ही विभागणी तिच्या मुळाशी आहे.

फलितांपैकी मृत्यू मोजणे सर्वांत सोपे आणि म्हणूनच सर्वांत फसवे. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील विशेष नवजात काळजी कक्षात ऑगस्ट २०१७ मध्ये ५५ अर्भके दगावल्याचे वृत्त त्यानंतरच्या महिन्यात प्रसिद्ध झाले, तेव्हा अनेक बालके अपुऱ्या दिवसांची होती व बाहेरून अत्यवस्थ स्थितीत आणली गेली होती, असे प्रशासनाने सांगितले. असा खुलासा ग्राह्य धरावा की नाही, हे नुसत्या आकड्यावरून ठरत नाही. दाखल बालके किती, त्यांचे वजन आणि गर्भाचे आठवडे किती, जन्म याच रुग्णालयातला की बाहेरचा, हे पाहावे लागते. त्यासाठी बाळ दाखल होताना किती धोक्यात होते हे गुणांत मांडणाऱ्या ‘क्रिब’, ‘स्नॅप’ यांसारख्या पद्धती वापरतात.

या पद्धतींतही एक पेच आहे. ‘क्रिब’च्या सुधारित आवृत्तीत, म्हणजे ‘क्रिब-२’मध्ये, दाखल होतानाचे तापमान जोखमीत धरले जाते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातून रुग्णवाहिकेने आलेले बाळ गार पडलेले असेल, तर ती खरोखरच त्याच्यासोबत आलेली जोखीम असते. मात्र त्याच इमारतीतील प्रसूतिगृहातून आलेल्या बाळाचे तापमान ३६.५ अंश सेल्सियसच्या खाली असेल, तर तो सेवेतलाच दोष असतो आणि गुणांकन त्यावर पांघरूण घालते. त्यामुळे दोन्ही गटांच्या नोंदी वेगळ्या ठेवणे आवश्यक ठरते.

प्रक्रियेच्या निकषांत मुदतपूर्व प्रसूतीआधी आईला दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शने, आईचे दूध, कांगारू पद्धतीची काळजी (बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे), हातांची स्वच्छता इत्यादी बाबी येतात. मध्यवर्ती शिरेतील नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग दर १,००० नळी-दिवसांमागे (एका बाळाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) मोजतात, कारण नळी जितके दिवस राहते तितकी संसर्गाची शक्यता वाढते.

घरी गेलेल्या बालकांचे मापन सर्वांत दुबळे राहते. भारतात २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते. तोवर अनेक बाळांना सुट्टी मिळालेली असते. तपासणीला आलेल्यांचीच टक्केवारी काढली, तर न आलेली बाळे हिशेबातून गळतात, तसेच डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेली बाळे मृत्युदरातून गळतात.