निव्वळ मांसाहार : आरोग्यावरील परिणाम

मांस, मासळी, अंडी व प्राणिज चरबी यांखेरीज काहीही न खाण्याच्या पद्धतीस निव्वळ मांसाहार म्हणतात. अलीकडे ती ‘कार्निव्होर डाएट’ या नावाने समाजमाध्यमांवरून पसरली आहे. धान्य, डाळी, भाज्या व फळे तीत वर्ज्य असतात. कोकण किनारपट्टीवरील मत्स्याहाराचा दाखला तिच्या समर्थनार्थ देणे मात्र योग्य नाही. कोळी, भंडारी, गाबीत, दालदी या समाजांत मासळी नित्याची असली, तरी ताटात भात किंवा तांदळाची भाकरी मोठ्या प्रमाणात असते, कालवणात ओल्या खोबऱ्याचे वाटण असते आणि आंबटपणासाठी आमसूल, चिंच किंवा कैरी पडते. किनाऱ्यावरील धडधाकट म्हाताऱ्यांकडे बोट दाखवणारे बहुधा त्यांच्या ताटातला भात हिशेबात धरत नाहीत.

पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद झाले की यकृतातील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या शर्करेचा) साठा साधारण एक-दोन दिवसांत संपतो, शरीर इंधन म्हणून चरबीपासून कीटोन द्रव्ये तयार करू लागते आणि आवश्यक तेवढी ग्लुकोज यकृत प्रामुख्याने अमिनो आम्लांपासून (प्रथिनांच्या घटकांपासून) बनवते. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरते ते बरेचसे पाणी व क्षार बाहेर पडल्यामुळे. डोकेदुखी, थकवा व पायांत गोळे येणे या तक्रारीही याच काळातल्या. भूक मंदावते आणि रक्तशर्करा कमी होते. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी औषधाची मात्रा न बदलता हा आहार सुरू केल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

या आहारात मांसाइतकेच चरबीला महत्त्व आहे. प्रथिनांतील नायट्रोजनचे युरियात रूपांतर करण्याची यकृताची क्षमता मर्यादित असल्याने केवळ चरबीहीन मांसावर राहणाऱ्यास मळमळ, अतिसार व अशक्तपणा येतो. उत्तर ध्रुवीय प्रदेशात इन्युइट लोकांसोबत राहिलेले संशोधक विल्यालमर स्टेफान्सन व त्यांचे सहकारी कार्स्टन अँडरसन यांनी १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाच्या देखरेखीखाली वर्षभराचा मांसाहार सुरू केला. आरंभी चरबीविरहित मांस दिल्यावर स्टेफान्सन काही दिवसांतच आजारी पडले आणि चरबी वाढवताच सावरले. वर्षअखेर दोघांनाही स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झाला नव्हता; पण दोन माणसांच्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. कोकणातील कोलंबी, बोंबील, मुडदुशी यांत चरबी फारच थोडी, तर हंगामातील तारली व बांगडा तेलकट असतो. म्हणजे केवळ कोलंबी-बोंबलांवर राहू पाहणाऱ्यास हीच अडचण लवकर येईल.

‘क’ जीवनसत्त्व मांसात अल्प असते आणि शिजवताना आणखी घटते. इन्युइट लोक ते कच्चे यकृत व व्हेलच्या कातडीतून मिळवत. कोकणात हे काम पेरू, आवळा, शेवग्याचा पाला आणि उन्हाळ्यातली काजूबोंडे करतात. कॅल्शियमचीही तीच गत. ते स्नायूंत नसून हाडांत असते. मांदेली काट्यांसकट चावून खाल्ली तर ते मिळते, सुरमईच्या तुकडीतून फारसे नाही. याउलट ब१२ जीवनसत्त्व, जस्त व सहज शोषले जाणारे लोह यांची अशा आहारात वाण नसते, आणि समुद्री मासळीतून आयोडीनही मिळते.

तंतुमय पदार्थ मांसात अजिबात नसतात. त्यामुळे बद्धकोष्ठाची तक्रार उद्भवू शकते आणि तंतूंवर जगणारे आतड्यांतील जीवाणू बदलतात. सर्वांत स्पष्ट बदल रक्तातील मेदांत दिसतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २,०२९ जणांपैकी बहुतेकांनी या आहाराविषयी समाधान व्यक्त केले होते, परंतु ज्यांनी तपासणीचे आकडे कळवले त्यांच्या एलडीएल (‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या) कोलेस्टेरॉलचे मध्यक मूल्य दर डेसिलिटरला १७२ मिलिग्रॅम होते. ही माहिती लोकांनी स्वतःच दिलेली असल्याने समाधानाला पुराव्याचे वजन देता येत नाही. वाढलेल्या एलडीएलचा हृदयविकाराशी असलेला संबंध मात्र इतर भक्कम अभ्यासांनी सिद्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक आणि तांबडे मांस बहुधा कर्करोगकारक ठरवले. मासळी या वर्गवारीत येत नाही.

मासळीचे धोके वेगळे आहेत. तारली, बांगडा, कोलंबी यांतील प्युरिन नावाच्या द्रव्यांमुळे रक्तातील यूरिक आम्ल वाढते आणि गाऊट (यूरिक आम्लामुळे होणारा संधिवात) असलेल्यांचे सांधे सुजतात. सोबत मद्यपान असेल तर झटका अधिक संभवतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा घरोघरी सुकट, सोडे व खारवलेली मासळी निघते. खारवलेल्या मासळीत मीठ इतके असते की उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ती तोंडी लावण्यापुरतीच घ्यावी. मुशीसारख्या (शार्क) मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून गरोदरपणी त्यांऐवजी लहान मासळी निवडण्याचा सल्ला दिला जातो.