कोलो तो, फॉक्स नव्हे

देवगडकडच्या एका खाडीत ओहोटीला काढलेली क्लिप गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर फिरत होती. तिवरांच्या मुळांमधून एक जनावर चिखलात उतरतं, पंजाने कुर्ली उलथी पाडतं आणि कुरुमकुरुम चावून खातं. खाली ओळ: ‘कोकणात दुर्मीळ फॉक्स!’ शेजारच्या काकींनी एकदाच पाहिलं नि म्हणाल्या, “फॉक्स खंयचो? कोलो तो.”

काकींचंच खरं. द्राक्षं आंबट म्हणणारा इसापाचा फॉक्स मराठीत कोल्हा होऊन आला, आणि घोळ तिथपासून आहे. आपला कोल्हा म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्सला मराठीत सरळ शब्द आहे, खोकड. घाटावरच्या माळरानात बिळं करून राहणारं, दोन-तीन किलोंचं, काळ्या शेंड्याच्या शेपटीचं. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही १७५८ मध्ये कोल्हा, कुत्रा आणि तांबडं खोकड (रेड फॉक्स) यांना ‘कॅनिस’ या एकाच प्रजातीत (इंग्रजीत जीनस) घातलं होतं. खोकडांची ‘व्हल्पिस’ ही वेगळी प्रजाती नंतर झाली.

दोन्ही श्वानकुळातलीच, पण भाऊबंदकी जुनी. कोल्हा, लांडगा, कोळसुंदा नि दारातला कुत्रा एका फांदीवर, खोकडं दुसऱ्या. या फांद्या साधारण एक कोटी वर्षांपूर्वी फुटल्या, म्हणजे माणूस नि चिंपांझी वेगळे होण्याच्याही आधी.

मला यात सगळ्यात आवडते ती गुणसूत्रांची गोष्ट. कुत्रा, लांडगा, कोल्हा: तिघांचीही ७८. तांबड्या खोकडाची मात्र ३४, आणि आपल्या खोकडाची ६०. मग जनुकांचा माल कमी झाला का? नाही. तेच आंबे कुणी दोन डझनांच्या खोक्यांत भरले, कुणी पाच डझनांच्या पेट्यांत. कुत्र्याची लिंग ठरवणारी गुणसूत्रं सोडली तर बाकी सगळी अग्रकेंद्री, म्हणजे गुणसूत्रबिंदू (गुणसूत्रावरची आवळलेली जागा) एका टोकाला. अशी दोन गुणसूत्रं बिंदूपाशी जुळली की एक मध्यकेंद्री तयार होतं. तांबड्या खोकडात अशा जोडण्या खूप झाल्या. अर्धसूत्री विभाजनात, म्हणजे अंडपेशी नि शुक्रपेशी तयार होताना, आईबापांकडून आलेली गुणसूत्रं जोडीने समोरासमोर यावी लागतात. कुत्र्याकडच्या ३९ समोर तांबड्या खोकडाची १७ आली तर जोड्या लागायच्या कशा? शिवाय एक कोटी वर्षांत जनुकांतला मजकूरही बदललेला. कोल्हा-कुत्र्याचा संकर होतो, पिल्लांना पुढे पिल्लंही होतात. खोकड-कुत्र्याचं ते जमत नाही.



कुणी म्हणेल, ब्राझीलमध्ये २०२१ साली फॉक्स नि कुत्र्याचा संकर सापडलाच की! सापडला. त्याची गुणसूत्रं ७६ भरली: कुत्र्याची ३९, त्या पाम्पास फॉक्सची ३७. ३७ म्हणजे मूळ प्राण्याची ७४. दक्षिण अमेरिकेतले हे ‘फॉक्स’ कुत्रा-कोल्ह्याच्याच फांदीवरचे, खोकडांच्या नव्हे. तिथेही कुणीतरी तोंडवळा बघूनच नाव ठेवलं होतं.