‘जमलं नाही म्हणून परत आला’: या वाक्यामागचा इतिहास

परत मूळ गावी राहायला जावं का, या विचारात असलेली माणसं आधी हिशेब मांडतात. उत्पन्न किती घटेल, राहण्याचं काय, आई-वडील अजून किती वर्षं हिंडते-फिरते राहतील, जोडीदाराला तिथे काम मिळेल का, मुलं रमतील का. हिशेब कधी जुळतो, कधी थोडक्यात चुकतो. पण जुळला तरी निर्णय होत नाही, कारण मधे एक वाक्य आडवं येतं: ‘लोक म्हणतील, तिकडे जमलं नाही म्हणून परत आला.’ बाई परतत असेल तर या वाक्याला आणखी चार शंका चिकटतात.

चांगली जाणती माणसं या एका वाक्यापाशी वर्षानुवर्षं अडलेली मी पाहिली आहेत. म्हणून ते आलं कुठून, हे शोधावंसं वाटलं. गाव सोडणं आणि गावी परतणं, दोन्ही खूप जुनं आहे. ‘परत जावं का?’ असं स्वतःला विचारता येणं मात्र बरंच अलीकडचं आहे. त्यासाठी दोन्ही वाटा मोकळ्या असाव्या लागतात, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्या तशा नव्हत्या. जो निघाला तो एक तर कायमचा गेला, नाही तर त्याला कुणीतरी परत पाठवलं.

परत पाठवण्याचा तर कायदाच होता. इंग्लंडमध्ये १६६२ साली संसदेने गरिबांच्या वास्तव्याबद्दल एक कायदा केला. कुणी दुसऱ्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, राहायला आला आणि वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या घरात राहू लागला, तर चाळीस दिवसांच्या आत त्याच्याविरुद्ध तक्रार करता येई. हा माणूस उद्या आपल्या धर्मादाय पैशावर बसेल, एवढी शंका पुरे. दोन न्यायाधीशांच्या सहीने त्याला त्याच्या ‘हक्काच्या’ पॅरिशमध्ये धाडत, आणि पुष्कळांच्या बाबतीत ती जन्माची किंवा वडिलांची असे. १७९५ साली नियम सैल झाला आणि प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत माणसाला हलवता येईना. त्यातही लग्नाविना गरोदर असलेल्या बायकांना ही सवलत नव्हती. मदत न मागताही त्यांची रवानगी होऊ शकत होती. जन्मगावी परतणाऱ्याच्या कपाळी ‘नको असलेला’ हा शिक्का मला सापडतो तो इथे, सरकारी आदेशाच्या रूपात. आणि बाईच्या कपाळी तो जास्त ठळक का, हेही इथेच दिसतं.

जवळपास त्याच काळात स्वित्झर्लंडमध्ये परतीकडे अगदी उलट बाजूने पाहिलं जात होतं. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझलमध्ये प्रबंध सादर केला, तेव्हा तो विशीही ओलांडलेला नव्हता. त्याने ग्रीकमधले दोन शब्द जोडले, ‘नोस्टॉस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘अल्गॉस’ म्हणजे वेदना, आणि ‘नॉस्टॅल्जिया’ हे एका आजाराचं नाव तयार केलं. त्याने नोंदवलेल्या रुग्णांपैकी एक बर्नहून बाझलला शिकायला आलेला तरुण होता. सतत खिन्न, मग ताप, छातीत धडधड, दिवसेंदिवस खालावत चाललेला. वाचेल अशी आशा कुणाला उरली नव्हती. उपचाराला बोलावलेल्या औषधवाल्याने मात्र ओळखलं की याला घरची ओढ लागली आहे आणि घरी नेण्याखेरीज उपाय नाही. तेवढ्या अशक्त अवस्थेत त्याला बर्नच्या वाटेला लावलं. बाझल थोडं मागे पडलं तशी लक्षणं उतरू लागली, आणि बर्नला पोचायच्या आत तो बरा झाला होता.

मला या नोंदीत सगळ्यात लक्षणीय वाटतं ते हे, की तो गावी पोचल्यावर नव्हे, वाटेतच बरा झाला. परत जाता येतं, हे कळणंच त्याला पुरलं असावं.

पुढे दोनेकशे वर्षं डॉक्टर हा आजार मानत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सैन्याच्या वैद्यकीय दप्तरात नॉस्टॅल्जियाच्या पाच हजारांहून अधिक नोंदी आहेत, काही मृत्यूही त्याच्याच नावावर लिहिलेले आहेत. पण शतक सरता सरता वारं बदललं. शहरं वाढत होती, कारखान्यांना माणसं हवी होती, आणि घरची आठवण काढून झुरणं हे कमकुवत मनाचं लक्षण ठरू लागलं. आजाऱ्याला निदान सहानुभूती तरी मिळायची, दुबळ्याला तीही मिळेना.

प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो आगबोटींमुळे. शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडायला महिना-दीड महिना लागे, आणि ते हाल सोसून गेलेला माणूस सहसा परतत नसे. १८७० नंतर वाफेच्या जहाजांनी हा प्रवास दहा-बारा दिवसांवर आणला. मग जाणं हे कायमचं जाणं राहिलं नाही. १८८० ते १९३० या काळात युरोपातून अमेरिकेला गेलेल्यांपैकी अंदाजे चौथाई ते तिसरा हिस्सा परत गेला, असं इतिहासकार मानतात. इटालियनांमध्ये हे प्रमाण आणखी मोठं होतं. आपल्याकडून परत जाणाऱ्यांची मोजदाद करावी, हे अमेरिकी सरकारला १९०८ सालापर्यंत सुचलंही नव्हतं. येणाऱ्यांची नोंद मात्र १८२० पासून होती.

हेच लोक दोन्ही किनाऱ्यांवर कसे दिसत होते ते पाहा. अमेरिकेत त्यांना ‘उडते पक्षी’ म्हणत, म्हणजे पैसा कमवायला आलेले, या मातीशी इमान नसलेले. तिकडे इटलीत परतलेला माणूस जमिनीचा तुकडा घेई, घर बांधी, आणि लोक त्याला ‘अमेरिकन’ म्हणून ओळखू लागत. एकाच माणसाला एकीकडे पळपुटा आणि दुसरीकडे परका ठरवलं जात होतं. मधल्या समुद्रात त्याच्या मनात काय चाललं असेल, ते कुठल्याच नोंदवहीत नाही.

त्याआधीच, १८८५ साली, ई. जी. रॅव्हनस्टाइन या जन्माने जर्मन असलेल्या भूगोलतज्ज्ञाने लंडनच्या सांख्यिकी संस्थेपुढे ब्रिटनच्या जनगणनेवरून काही नियम मांडले होते. त्यातला एक असा, की स्थलांतराचा प्रत्येक मोठा प्रवाह स्वतःचा उलट प्रवाहही निर्माण करतो. नियम छापला गेला, पुढे पाठ्यपुस्तकांतही आला, पण अभ्यासकांनी पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जाणाऱ्यांचाच माग काढला. परतणाऱ्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

जेव्हा पाहिलं, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी आधी त्या लोकापवादालाच सिद्धांताचं रूप दिलं. माणूस जास्त मिळकतीसाठी जातो. मग परत का येतो? अंदाज चुकला म्हणून. या मांडणीत परतणं म्हणजे फसलेला हिशेब. १९८५ साली ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी हे उलटं करून दाखवलं. कितीतरी माणसं ठरावीक गरजेसाठी, कुटुंबाने मिळून ठरवल्यानुसार बाहेर पडतात, आणि गरज भागली की परततात. या मांडणीत परतलेला माणूस यशस्वी आहे, कारण ज्यासाठी गेला ते पदरात पडलं. घटना तीच, निकाल मात्र पूर्ण उलटा. लोकांच्या तोंडी जो निकाल राहिला तो पहिला, हे दुर्दैव.

मला या सगळ्या मांडणीत सर्वांत प्रामाणिक वाटतो तो इटालियन समाजशास्त्रज्ञ फ्रान्चेस्को चेराझे. अमेरिकेतून दक्षिण इटलीत परतलेल्यांचा अभ्यास करून त्याने १९७४ साली परतीचे चार प्रकार सांगितले. काही जण तिकडे निभाव लागला नाही म्हणून परतले. काही मुळात परतायचं ठरवूनच गेले होते. काही म्हातारपणी निवांत राहायला आले. आणि काही तिकडे शिकलेलं इथे वापरायचं, काहीतरी नवं उभं करायचं म्हणून आले. या चौथ्या गटाबद्दल त्याचा निष्कर्ष कडू आहे. त्यांच्यात हौस होती, गाठीला पैसा आणि अनुभव होता. पण जमीन आणि सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांनी त्यांना फारसं काही करू दिलं नाही. आज परत जाऊन ‘गावासाठी काहीतरी’ करू पाहणाऱ्याने वहीत हेही लिहून ठेवावं. नाउमेद होण्यासाठी नव्हे. पुढे अडचण आली तर दोष सगळा आपल्याच अंगावर घेऊ नये म्हणून. प्रत्यक्षात एकाच माणसात हे चारही प्रकार थोडेथोडे असतात, असं मला वाटतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला सर्वांत बोलका अनुभव पश्चिम जर्मनीचा. १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून तिथे कामगार बोलावले गेले. त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हणत. पाहुणा म्हणजे जाणारच, हे गृहीत होतं. आणि ते जातही होते. १९७३ पर्यंत साधारण १ कोटी ४० लाख माणसं आली आणि त्यातली सुमारे १ कोटी १० लाख परत गेली. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलसंकटाच्या तोंडावर सरकारने नवी भरती थांबवली. अपेक्षा अशी, की आता उरलेलेही हळूहळू जातील. झालं भलतंच. तोवर माणूस गावी जाऊन पाहायचा, नाही जमलं तर पुन्हा यायचा. आता एकदा गेलं की दार बंद. मग लाखो लोकांनी जाण्याचा विचार सोडला आणि बायकामुलांना तिकडेच बोलावून घेतलं. १९८३ साली सरकारने परत जाणाऱ्या बेकार कामगाराला १०,५०० मार्क देऊ केले, मुलांमागे आणखी रक्कम. काही लाख लोक गेले, बहुतेक राहिले.

यावर मी बराच विचार केला आहे. परत फिरण्याची सोय असेल तर माणूस सहज निघतो. हा शेवटचाच निर्णय, असं सांगितलं की तो जागचा हलत नाही. देशांच्या सरहद्दींवर जे घडलं तेच घराघरात घडताना दिसतं. ‘एकदा आलास की कायमचं’ असं बजावणारे घरचे आणि ‘गेलास तर परत घेणार नाही’ म्हणणारा साहेब, दोघेही तेच १९७३ सालचं दार लावत असतात.

ज्यांनी परत जाणं पुढे ढकललं, त्यांच्या मनातून ते गेलं मात्र नाही. इंग्लंडमधल्या पाकिस्तानी कुटुंबांचा अभ्यास करताना मुहम्मद अन्वर यांनी १९७९ साली याला ‘परतीचं मिथक’ म्हटलं. दोन वर्षांनी जाऊ, मुलाची शाळा संपली की जाऊ, निवृत्तीनंतर जाऊ. मी याला खोटेपणा म्हणणार नाही. परक्या जागी पाय रोवायला त्या आशेचाच आधार होता.

जपानमध्ये याच सुमारास ‘यू-टर्न’ हा शब्द रुळला, महानगरातून आपल्या मूळ गावी परतण्यासाठी. त्याच्या जोडीला ‘जे-टर्न’ आला: परतायचं, पण थेट गावी नाही, त्याच्या जवळच्या मध्यम शहरात. हा मधला पर्याय आपल्या बोलण्यात फारसा येत नाही, आणि तो यायला हवा. अमेरिकेत १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेतून बाहेर पडले होते; १९७० नंतर प्रवाह उलटा फिरला आणि त्यांची मुलं-नातवंडंही दक्षिणेकडे येऊ लागली. आयर्लंडमध्ये १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात भरभराट आली तशी बाहेर गेलेली माणसं मोठ्या संख्येने परतली, आणि २००८च्या पडझडीनंतर तोच देश पुन्हा माणसं गमावू लागला.

मग २०२०. जुलैमध्ये अमेरिकेत १८ ते २९ वयाच्या ५२ टक्के तरुणांचं घर म्हणजे आई-वडिलांचं घर होतं. १९४० साली, महामंदीच्या शेवटाला, हा आकडा ४८ टक्के होता. एवढ्या लोकांचं एकाच वेळी ‘जमलं नाही’ असं कोण म्हणणार? त्याच काळात घरून काम करणं कोट्यवधी लोकांना सवयीचं झालं, आणि नोकरी एकीकडे, राहणं दुसरीकडे, हे पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर शक्य झालं. नंतर अनेक कंपन्यांनी माणसांना कार्यालयात परत बोलावलं, आणि मोकळी झालेली वाट अर्धी बंद झाली. आज या प्रश्नात जी तगमग आहे ती बरीचशी या अर्ध्या उघड्या दाराची आहे.

परतल्यानंतर काय होतं, हे सर्वांत नेमकं आल्फ्रेड शुट्झ या समाजचिंतकाने लिहिलं. तो व्हिएन्नाचा. १९३८ साली ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर निर्वासित झाला आणि १९३९ साली न्यूयॉर्कला पोचला. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना डोळ्यांपुढे ठेवून १९४५ साली त्याने घरी परतणाऱ्यावर निबंध लिहिला. परक्या गावी जाणाऱ्याला ठाऊक असतं की सगळं अनोळखी असेल. परतणाऱ्याला खात्री असते की सगळं ओळखीचं असेल, म्हणून त्याला धक्का जास्त बसतो. गावही तेच राहिलेलं नसतं आणि माणूसही.

निबंधाच्या सुरुवातीलाच शुट्झने ओडिसियसची आठवण काढली आहे, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या, होमरच्या ग्रीक महाकाव्यातल्या इथाका बेटाच्या राजाची. वीस वर्षांनी खलाशी त्याला इथाकाच्या किनाऱ्यावर झोपेतच उतरवून जातात. जाग येते तेव्हा भोवती धुकं असतं, आणि ज्या बेटासाठी त्याने एवढे हाल काढले ते त्याला ओळखता येत नाही. आपण कुणाच्या मुलखात येऊन पडलो, असं म्हणून तो रडतो. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण पती-पत्नीच्या भेटीवर थांबतात. पण त्याच रात्री तो पत्नीला, पेनेलोपीला, सांगतो की अजून संपलेलं नाही. खांद्यावर वल्हं घेऊन समुद्र कधी न पाहिलेल्या लोकांपर्यंत त्याला चालत जायचं आहे. वाटेत भेटलेला कुणी त्या वल्ह्याला धान्य उफणायचं फावडं समजेल, तिथे ते जमिनीत रोवायचं आणि मग घरी यायचं. पेनेलोपी त्याला अडवत नाही. अंथरूण तयार आहे, पण आधी हे काय ते मला नीट सांग, असं ती म्हणते. आणि तो सांगू लागतो.