खुंट पेशीचा, घड विषाणूचा

निफाड-पिंपळगावकडे द्राक्षाची काडी सहसा थेट जमिनीत लावत नाहीत. आधी डॉगरीजचा खुंट रुजवतात आणि तो जोमात आला की त्यावर हव्या त्या जातीचं कलम भरतात. मुळं एकाची, घड दुसऱ्याचे. प्रयोगशाळेतलं 'रिकॉम्बिनंट' प्रथिन काहीसं असंच. राबणारी पेशी एकाची, प्रथिन दुसऱ्याचं. फरक मात्र मोठा आहे: कलमात दोन्ही झाडांची जनुकं आपापल्या जागी राहतात, इथे परकं जनुकच पेशीत सोडलेलं असतं. इथली गोष्ट आहे अशाच एका प्रथिनाची, आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूच्या.

थंडीत नाशिकचा पारा उतरला की बालरोगतज्ज्ञांकडे छाती भरलेली, घरघरणारी तान्ही बाळं मांडीवर घेऊन आया बसलेल्या दिसतात. या आजारामागच्या विषाणूंमध्ये आरएसव्ही महत्त्वाचा. 1956 मध्ये तो सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. पेशीत शिरायला त्याच्याकडे 'एफ' प्रथिन असतं. एफ म्हणजे फ्यूजन, दोन पटलांचं, म्हणजे पातळ आवरणांचं, एकत्र येणं. बटण दाबताच लांब होणारी घडीची छत्री आठवा. मिटलेलं एफ जेमतेम 11 नॅनोमीटर उंच असतं. वेळ आली की ते झटक्यात लांबतं, टोक पेशीच्या पटलात रोवतं आणि मग स्वतःवरच दुमडून विषाणूचं व पेशीचं पटल ओढून एक करतं. शेवटी त्याची उंची होते सुमारे 17 नॅनोमीटर. छत्री पुन्हा मिटते, हे मिटत नाही.

आपल्या शरीरातली सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं ओळखतात ती मिटलेल्या रूपाला. आणि हे प्रथिन वेगळं काढायला जावं तर ते आपोआप उघडून बसतं. 1966 च्या सुमारास अमेरिकेत फॉर्मेलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना दिली गेली. पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा त्यांचा आजार उलट बळावला, दोन बाळं दगावली. कारणं एकाहून अधिक होती, पण त्या लसीतलं एफ बहुतांशी उघडलेल्या रूपातलं होतं, हे त्यातलं एक. एका रेणूचा आकार चुकल्याची ही किंमत वाचून मी आजही अस्वस्थ होतो.

2013 मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि पीटर क्वाँग यांच्या गटाने मिटलेल्या एफची रचना उलगडली आणि त्याला तसंच धरून ठेवण्याची युक्तीही काढली. प्रथिनाच्या साखळीतल्या 155 आणि 290 या जागी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल बसवून गंधकाचा टाका घातला, आतल्या पोकळ्या थोड्या मोठ्या अमिनो आम्लांनी भरून काढल्या. पटलात रुतणारी शेपटी कापली आणि तिथे जिवाणूभक्षी टी4 विषाणूचा एक छोटा तुकडा जोडला, जो तीन साखळ्या एकत्र बांधून ठेवतो. शेपटी नसल्यामुळे प्रथिन पेशीबाहेरच्या द्रवात येतं. ते बनवणाऱ्या पेशी असतात मानवी मूत्रपिंडापासून आलेल्या एचईके293 किंवा हॅमस्टरच्या सीएचओ. हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांची खूण टोकाला लावली असेल तर निकेलच्या स्तंभातून ते नेमकं गाळून घेता येतं. यात विषाणूचं जनुकद्रव्य नसतं, म्हणून या प्रथिनापासून संसर्ग होऊ शकत नाही.

या प्रथिनाची कुपी हातात आली तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. डी25 नावाचं प्रतिपिंड फक्त मिटलेल्या एफलाच चिकटतं. ते चिकटलं, तरच पुढचा प्रयोग.